शोध विद्यापीठात लागला, हक्क कुणाचा?

प्रश्न : विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागलेल्या शोधावर कंपनी काढायची, तर मालकी विद्यापीठाची की शोध लावणाऱ्याची?

उत्तर : देश कोणता आणि तुम्ही सही कशावर केलीत, यावर ते ठरतं. सरकारी निधीतून लागलेल्या शोधांची मालकी स्वतःकडे ठेवण्याची मुभा अमेरिकी विद्यापीठांना १९८०च्या बाय-डोल कायद्यानं मिळाली. स्वीडनमध्ये उलट, शोध प्राध्यापकाचाच. कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठही मालकी संशोधकाकडे राहू देतं.

मालकी विद्यापीठाची असली म्हणजे संशोधक कोरडा राहतो असं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉयल्टीतले (शोध वापरण्यापोटी कंपन्या देतात त्या पैशांतले) १५ टक्के परवाना कार्यालय, म्हणजे शोध वापरण्याचे परवाने देणारं विद्यापीठाचं कार्यालय, घेतं आणि खर्च वजा जाता उरलेल्याचे तीन सारखे वाटे होतात : संशोधक, त्याचा विभाग आणि विद्याशाखा. शोधनिकालांचा क्रम लावणाऱ्या गूगलच्या पेजरँक या पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्डच्याच नावावर होतं. परवान्यापोटी मिळालेले शेअर विकून विद्यापीठाला सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. असं घबाड विरळाच. बहुतेक परवाना कार्यालयांचा खर्चही निघत नाही.

सही करताना मात्र शब्द वाचा. एका संशोधकानं स्टॅनफर्डला ‘हक्क देण्यास कबूल आहे’ असं लिहून दिलं होतं. पुढे सीटस कंपनीत तंत्र शिकायला गेल्यावर तिथल्या कागदावर होतं ‘याद्वारे हक्क देत आहे’. पहिलं नुसतं पुढचं वचन, दुसऱ्यानं हक्क तिथंच दिला; म्हणून कंपनीचा कागद वरचढ ठरला. बाय-डोलमुळे मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही, असं सांगत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही २०११मध्ये स्टॅनफर्डच्या विरोधात निकाल दिला.

प्रश्न : शोधनिबंध आधी छापून मग पेटंट घेतलं तर चालेल का?

उत्तर : अमेरिकेत छापल्यानंतर अर्ज करायला वर्षभराची सवलत आहे. युरोपात जवळपास नाहीच. परिषदेत लावलेलं पोस्टरही नडतं. जनुक जोडणीच्या तंत्रावरचा कोहेन आणि बॉयर या संशोधकांचा निबंध नोव्हेंबर १९७३मध्ये आला, अर्ज नोव्हेंबर १९७४मध्ये, मुदत संपायला जेमतेम आठवडा असताना. अमेरिकेतलं पेटंट वाचलं, परदेशातले हक्क गेले. म्हणून आधी विद्यापीठाकडे शोधाची नोंद, मग पेटंटसाठी तात्पुरता अर्ज, मग परिषद. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

प्रश्न : माल तयार नसताना गिऱ्हाइकांना भेटून काय उपयोग?

उत्तर : अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या आय-कॉर्प्स कार्यक्रमात हेच करून घेतात : साधारण सात आठवडे, १०० मुलाखती. ‘आवडेल का?’ विचारलंत की सगळे मान डोलावतात. त्यापेक्षा आज हे काम कसं करता, त्यावर किती खर्च होतो आणि तो मंजूर कोण करतं, हे विचारा.