सामूहिक कलेतही कल्पना एकाचीच आणि बाकीचे मदतनीस, असंच असतं ना?

पुष्कळदा असतं, तुमची शंका खरी आहे. एका गावात शाळेच्या भिंती रंगवायला मी तीन आठवडे होतो. चित्रं आधीच ठरून आली होती. गावातल्या मुलांनी आणि आम्ही फक्त आधी आखलेल्या रेघांच्या आत रंग भरले. फलकावर मात्र 'लोकसहभागातून साकार' असं लिहिलं गेलं. इतके हात लागूनही मी त्याला सामूहिक कला म्हणणार नाही.

मला फरक उमगला तो 'नलपार' या हातपंपांभोवतीच्या कलाप्रकल्पामुळे. मुंबईच्या कलाकार नवज्योत अल्ताफ १९९७ पासून बस्तरमध्ये, कोंडागावला काम करू लागल्या. शांतिबाई, राजकुमार कोर्राम, घेस्सूराम हे तिथले कलाकार त्यांच्यासोबत होते. हातपंपाच्या जागा त्यांनी कामासाठी निवडल्या. पाणी भरणाऱ्या बायकामुलींचे हाल रोजचे होते: भोवती चिखल, आडोसा नाही, भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घ्यायचा. त्यांच्याशी बोलत बोलत पंपाभोवतीच्या जागेचे आकार ठरले. हंडा मधे टेकवायला कोनाडे आले, आडोशाला भिंती आल्या आणि त्या भिंतींवर तिथल्या कलाकारांची शिल्पं. बायकांना घटकाभर थांबून बोलायलाही जागा झाली. इथे कमरेचं दुखणं आणि कलाकाराची नजर एकाच आकारात उतरली आहे, दोन्ही वेगळी काढून दाखवता येत नाहीत. म्हणूनच 'कल्पना कुणाची' हा प्रश्न मला तिथे लावताच येत नाही.

मोठ्या पातळीवर हे जकार्ताच्या रुआंगरुपा गटाने करून पाहिलं. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलचं 'डॉक्युमेंटा १५' हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन मांडायचं काम त्यांच्याकडे होतं. लुम्बुंग, म्हणजे गावाचं सामायिक भाताचं कोठार, ही त्यांची मूळ कल्पना. जगभरातल्या गटांना बोलावून पैशांचा काही भाग सर्वांनी एकत्र बसून वाटायचा, अशी रीत त्यांनी ठेवली. तिथेच तारिंग पाडी या इंडोनेशियातल्या कलाकारांच्या गटाच्या एका भल्यामोठ्या पडद्यावर ज्यूद्वेषी चित्रं आढळली आणि तो उतरवावा लागला. सगळ्यांनी मिळून ठरवायचं, तर चूक झाल्यावर तिचा जाब कुणी द्यायचा, हा या पद्धतीतला सर्वांत अवघड भाग आहे आणि तो तेव्हा नीट सुटला नाही असं मला वाटतं.

तेव्हा असं काम बघाल तेव्हा हात मोजू नका. ठरलेलं बदलायचा हक्क कुणाकुणाला होता, ते विचारा. आमच्या त्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीला भिंतीवर गावची विहीर काढायची होती. आराखड्यात नव्हती, म्हणून राहिली.