सातपुड्यातल्या वनस्पतींमधून स्मृतिभ्रंशावर एन्झाइम इनहिबिटर शोधायचाय, एम.एस्सी. प्रोजेक्टला कोणत्या वनस्पती घेऊ?

यादी काय, ढिगाने मिळेल. ब्राह्मी, शंखपुष्पी, मालकांगणी सगळ्यांनी घासून घासून झालीये. माझाही प्रोजेक्ट याच विषयावर होता आणि त्याच्यापायी मामाशी आजही धड बोलणं नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या गाईडला हिरडाच हवा होता. यावलकडून आणला, मेथॅनॉलमध्ये अर्क काढला, वाळवून बफरमध्ये घेतला आणि एलमनची पद्धत लावली, तीच १९६१ ची, ४१२ नॅनोमीटरवाली: एन्झाइम काम करत असेल तर पिवळा रंग येतो, तो मोजायचा. पहिल्याच फटक्यात नव्वद टक्क्यांच्या वर इनहिबिशन, म्हणजे एन्झाइम जवळजवळ ठप्प! गाईड खूश, पोस्टरची तयारी सुरू. मला काही पचेना, कारण हिरड्यात टॅनिन गच्च असतं आणि टॅनिन समोर येईल त्या प्रोटीनला चिकटतं, मग ते ॲसिटिलकोलिनेस्टरेज (मेंदूतलं ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम, स्मृतिभ्रंशात तेच अडवायचं असतं) असो की अंड्याचा पांढरा भाग. मग मी अर्क पीव्हीपीपीच्या भुकटीत घुसळला, टॅनिन त्याला चिकटून खाली बसलं, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलं आणि तीच टेस्ट परत लावली. क्युव्हेट बघता बघता पिवळीधम्मक, थेट अर्क न घातलेल्या कंट्रोलसारखी. म्हणजे एन्झाइम मजेत काम करत होतं. गाईड म्हणाले हे थिसिसमध्ये घालू नको. मी घातलं. मार्क कमी पडले, पडू देत.

पण घरी फक्त पहिला आकडा पोचला. मामाचं जडीबुटीचं दुकान आहे, तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला, भाच्याने लॅबमध्ये सिद्ध केलंय. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक, पण आजीची डोनेपेझिलची, म्हणजे स्मृतिभ्रंशावरची, गोळी बंद करून हिरड्याचं चूर्ण चालू केलं. आजी कळण्याची भाकरी थापता थापता थांबायची आणि विचारायची, कोणासाठी करतेय मी? हे गोळीवरही व्हायचं, पण नंतर रोजचंच झालं. मी बोललो तर म्हणे, तुले काय समजस रे, गोळ्या म्हणजे केमिकल, आपलं नैसर्गिक.

नैसर्गिक म्हणे! गॅलँटामाइन कुठून आलं मग? स्नोड्रॉपसारख्या फुलांच्या कंदातून, बल्गेरियात १९५० च्या दशकात त्याचं औषध केलं आणि अमेरिकेत २००१ साली अल्झायमरसाठी मंजूर झालं. रिव्हास्टिग्माइन या तशाच औषधाचं मूळ आफ्रिकेतल्या कॅलाबार बीमधल्या फायसोस्टिग्माइनमध्ये. फरक झाडाचा नाहीच, एक रेणू वेगळा काढून, डोस ठरवून, माणसांवर तपासण्याचा आहे. मामाला हे मी दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं, तो ताटावरून उठला.

तर तुम्ही काय घ्या? नुसता अर्क लावून टक्के छापू नका. हळदीसारखा पिवळा अर्क असेल तर आणखी घोळ, कर्क्युमिन स्वतःच त्या ४१२ च्या आसपास प्रकाश शोषतं, त्यामुळे एन्झाइमशिवायचा ब्लँक लावाच. शिवाय एन्झाइमला काम करू द्या, फायसोस्टिग्माइनने थांबवा, मग अर्क आणि डीटीएनबी (पिवळा रंग देणारं रसायन) टाका. तरीही रंग कमी आला तर अर्क रंगाच्या रिॲक्शनमध्येच लुडबुड करतोय, एन्झाइमला हात लावलेला नाही. माझं ऐकाल तर बागेतली क्रायनम लिली घ्या, स्नोड्रॉपच्याच कुळातली आहे, तिच्या कंदात अल्कलॉइड असतात, आणि तिच्यासाठी जंगलात जायला नको. विषारी आहे, ग्लोव्ह्ज घाला.

आता डोनेपेझिलही काही रामबाण नाही, लक्षणं काही काळ सावरतात, आजार थांबत नाही, मळमळ होते, काहींचे नाडीचे ठोके मंदावतात, तेव्हा घरच्यांची गोळी माझ्या किंवा मामाच्या सांगण्यावरून चालू-बंद करू नका, डॉक्टरला विचारा. आणि हो, पीव्हीपीपीबरोबर एखादा खरा रेणूही निघून गेला असेल, ते मी थिसिसमध्ये लिहिलंय.

प्रोजेक्ट घ्यायच्या आधी गाईडला एवढंच विचारा, काहीच नाही सापडलं तर तसं लिहू देणार का? आढेवेढे घेतले तर गाईड बदला.