जर्मनीत नवा आलायस? मग आधी हे उरक

सामान लावणं राहू दे, पहिले आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, करून घे. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. आपल्या लायसन्सवर इथे ६ महिनेच गाडी चालवता येते, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. 'उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या' या नियमात मी आपटलो, पुण्यात २० वर्षं गाडी हाकूनही! आणि हो, दार. बाहेरची मूठ फिरतच नाही, ओढलं की बंद. रविवारी कचरा टाकायला घरच्या चपलांवर खाली उतरलो, किल्ली आत. कुलूपवाल्याने दीडशे युरो घेतले. एक किल्ली शेजारी देऊन ठेवच.