गारपीट आणि छाटणी

शरणपूर रोड, नाशिक

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईघाईत, बागेचं काय झालं ते कळावं म्हणून. दुसऱ्यांदा सावकाश. उतरणीला आलेला द्राक्षाचा माल गारांनी अर्ध्या तासात मातीत गेला, आणि चौथ्या दिवशी प्रार्थनासभेत मंडळीतले एक वडीलधारे तुझ्या पप्पांना म्हणाले, "देवानं छाटणी केली, आता जास्त फळ येईल." पप्पा मान खाली घालून 'आमेन' म्हणाले. तू बाहेर येऊन चपलांपाशी बसून रडलीस. मग पुढच्याच पानावर विचारतेस, ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकावंसं वाटतं, पण सगळे म्हणतात त्यानं विश्वास जातो, तर काय करू?

तू हे दोन प्रश्न वेगवेगळे लिहिलेस. मला ते एकच वाटतात.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे त्या वडीलधाऱ्यांवर तुझा राग थोडा कमी होईल. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यात गारांनी बागा झोडपल्या, तेव्हा मी पिंपळगावला काडी तपासणीचं, म्हणजे वेलाच्या काडीत घड धरलाय का ते बघायचं काम करायचो. एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी जवळजवळ याच शब्दांत हेच बोललो. तो मला हाताला धरून बागेत घेऊन गेला. एक काडी वाकवून दाखवली. ज्या अंगानं वारा होता त्या अंगाची साल फुटून आतलं पांढरं दिसत होतं, दुसरं अंग कोरं. कुठे डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो तिथे घाव, कुठे दोन पेरांच्या मधे, कशाचा कशाला मेळ नाही. मग खिशातली कात्री काढून त्यानं शेजारची काडी कापली, डोळे मोजून, शेवटच्या डोळ्याच्या वर थोडी जागा ठेवून. दोन्ही काड्या माझ्या हातात दिल्या आणि तो गडी लावायला निघून गेला. पुढे कितीतरी रविवार तो उपासनेला आला नाही. कारण मला माहीत होतं, आणि माफी मागायला जायला मी फार उशीर केला.

त्या काड्या टेबलावर ठेवून मी योहानाचा पंधरावा अध्याय पुन्हा काढला. तूही काढ. 'मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे.' फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो आणि फळ देणारा साफसूफ करतो. आपण दुसऱ्या वचनावरच थांबतो. तिसरं वाच. येशू शिष्यांना म्हणतो, मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात. मूळ ग्रीकमध्ये 'साफसूफ करतो' याला 'काथायरेइ' आणि 'शुद्ध' याला 'काथारॉइ' असा शब्द आहे. एकाच मुळातले दोन शब्द लागोपाठच्या वचनांत आहेत. मराठीत 'साफसूफ' आणि 'शुद्ध' असे वेगळे पडल्यामुळे तो धागा आपल्याला दिसत नाही. म्हणजे माळी साफ कशानं करतो, हे प्रभूनं तिथेच सांगून ठेवलंय. त्याच्या हातातली कात्री म्हणजे वचन. या अध्यायात गारा कुठेच नाहीत. त्या आपण आणून टाकल्या.

एवढं कळायला ग्रीकची दोन अक्षरं लागली. यानं माझा विश्वास गेला नाही. पप्पांना जे ऐकावं लागलं ते देवाच्या नावावर खपवायचं की नाही, हे ठरवायला मला काहीतरी हाताशी मिळालं. ईश्वरविज्ञान मला याचसाठी हवंसं वाटतं.

पण जपून. शिकलेल्या माणसालाही आवडीचा अर्थ काढायचा मोह होतो. त्याच दुसऱ्या वचनातल्या 'काढून टाकतो'साठी 'आयरेइ' हा शब्द आहे, आणि त्याचा 'उचलतो' असाही अर्थ होतो. त्यामुळे काही प्रवचनकार सांगतात की माळी जमिनीवर लोळणारा फाटा उचलून तारेवर बांधतो. आपल्याकडच्या माणसाला हे लगेच पटतं. मलाही पटलं होतं. पण सहाव्या वचनात सुकलेले फाटे गोळा करून जाळतात, ते कुठे लपवणार? म्हणून मी तो अर्थ सोडून दिला. मनाला बरा वाटतो म्हणून नव्हे, शब्द पुढेमागे नेतात तिकडे जायचं.

तसंच, आपली बाग येशूच्या देशातल्या बागेवर लादू नकोस. तिकडे थंडीत वेल पानं गाळून झोपतो, त्याच काळात छाटणी होते, उन्हाळ्याकडे जादा फुटवे खुडतात. आपल्या उष्ण हवेत वेल तसा झोपत नाही, म्हणून नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि घडांसाठी ऑक्टोबरची फळछाटणी, असं एका पिकासाठी दोनदा कापावं लागतं. येशूचे श्रोते 'द्राक्षवेल' ऐकल्यावर आधी यशयाचा पाचवा अध्याय आणि ऐंशीवं स्तोत्र आठवत असतील, मिसरातून (इजिप्तमधून) आणून लावलेला वेल म्हणजे इस्राएल. ते आधी समजून घे, मग आपल्या बागेत ये.

तू हुशार आहेस, म्हणून तू विचारशीलच, शास्त्रात गारा देवानं पाडल्याच ना? पाडल्या. निर्गमाच्या नवव्या अध्यायात. पण तिथे मोशेनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मिसरचा राजा फारो याच्या चाकरांपैकी ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी गुरंढोरं घरात आणली. तुझ्या पप्पांना आदल्या दिवशी कोण सांगायला आलं होतं? आणि शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का, या प्रश्नाला प्रभूनं लूकच्या तेराव्या अध्यायात सरळ 'नाही' म्हटलं. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन इतकं बोलले, तरी शेवटी देवानं त्यांनाच सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. बेचाळिसावा अध्याय, सातवं वचन. मी ते लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलंय, 2014 मध्ये.

मग गारा का पडल्या? माझ्याकडे उत्तर नाही, आणि नसताना देणार नाही. पप्पांजवळ बसायला मी येऊ शकतो. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक येतील तेव्हा मंडळीतले चार जण बागेत उभे असावेत, एवढं पाळकांना सांग. फाटलेल्या काड्यांवर लवकरात लवकर बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी घ्यायची असते, तिथेही हात लागतील.

'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं गाव जलालपूर, आपल्या गंगेकाठचं. नवऱ्यानं, कवी नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्याच्यामागे गेल्या नाहीत. रडल्या, दुरावल्या, विचार करत राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या मनानं आल्या. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी टिळक 1919 मध्ये गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. 'मुलीच्या जातीला हे कशाला' असं कोणी म्हणालं तर वाद घालू नकोस, अभ्यास करत राहा.

आणि दुर्बीण कपाटात ठेवून देऊ नकोस. नांदूर मध्यमेश्वरला पाखरं बघायला जाण्यात वेळ वाया जातो असं तू लिहिलंस, ते मला मुळीच पटलं नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात पाखरांकडे 'निरखून पाहा' असं आहे. नुसतं 'पाहा' नाही. पाणकावळा आणि वंचक यांत फरक करायला तुला जी नजर लागली, तीच 'काथायरेइ' आणि 'आयरेइ' यांत लागते. रविवारची उपासना सोडून मात्र जाऊ नकोस, शनिवारी जा.

प्रार्थनेत काहीच वाटत नाही, असंही लिहिलंस. त्यावर एवढंच सांगतो. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. तेव्हा बाहेरून नुसती हिरवी काडी दिसते. मी ब्लेडनं डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचो, पापुद्रे बाजूला केले की मोहरीहून लहान, फिकट पोपटी गोळा दिसायचा. कधी दिसायचा नाही. शेतकरी समोर बसलेला असायचा आणि मला दोन्ही सांगावं लागायचं.

पप्पांची खरड छाटणी यंदा लवकर होईल. फळछाटणीच्या आधी, सप्टेंबरात, बागेच्या चारही कोपऱ्यांतून काड्या आण, डोळे मोजून, ओल्या फडक्यात गुंडाळून. माझा जुना सूक्ष्मदर्शक अजून चालतो. ग्रीकची वही पण आण, अक्षरांपासून सुरुवात करू. पप्पांना म्हणावं, या रविवारी उपासनेनंतर मी घरी येतोय, भाकरी तिथेच खाईन.

तुझा,
काका