लाइट उघडता येत नाही

या महिन्यात टपालात आणि ईमेलवर मिळून जी पत्रं आली, त्यांतली बहुतेक इंग्रजी क्रियापदांचीच निघाली. तीही मोठ्या, अवघड क्रियापदांची नाहीत. गो, सी, डू, हॅव, म्हणजे पहिल्या पानावरची. कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि दहावीच्या पेपरातही मुलं याच चिल्लर क्रियापदांत अडकायची. त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत, सेमी इंग्रजीला आहे. शाळेतून शंभर क्रियापदांचा तक्ता आलाय. मूळ रूप, भूतकाळ, तिसरं रूप. रोज दहा पाठ करून घेते. तक्ता घडाघडा म्हणते, पण बोलायला लागली की 'आय गोएड टू आजीज हाउस'. रागवू का तिला?
— एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, मुळीच रागवू नका. 'गोएड' घाईत म्हटलं की कानाला 'गोड' ऐकू येतं आणि मला ते गोडच वाटतं.

ही तीन वर्षांची असताना मराठीत काय बोलायची ते आठवा. 'मी करलं.' 'झुरळ मरलं.' बसलं, पडलं, हसलं ऐकून तिनं आपला आपण नियम काढला होता आणि तो करणे, मरणेला लावून टाकला होता. तेव्हा 'करणे-केलं, मरणे-मेलं, घेणे-घेतलं' असा तक्ता तुम्ही भिंतीवर लावला होता का? नाही. तुम्ही फक्त म्हणालात, 'अगं बाई, मेलं का झुरळ?' आणि ती ऐकत गेली. आता 'गोएड' म्हणते म्हणजे इंग्रजीचा '-एड' तिला कळला. निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं ऐकण्याचं आहे. 'गो'चा भूतकाळ 'वेंट' कसा, हे मोठ्या माणसालाही कोडं असतं. तो मुळात 'गो'चा नव्हेच. 'वेंड' नावाचं जुनं क्रियापद होतं, त्याचा हा भूतकाळ. 'गो'चा स्वतःचा जुना भूतकाळ कधीच मोडीत निघाला आणि त्याच्या जागी हा उसना आणला. हसू नका, आपलंही तसंच आहे. 'जा' आलं संस्कृत 'या' धातूकडून आणि 'गेला' आलं 'गम्'च्या 'गत'वरून. दोन वेगळ्या घरची माणसं एका छपराखाली नांदतायत, आणि आपल्याला जन्मात कधी खटकलं नाही.

इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदं काढली, तर बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी अशी नावं येतात. दहाच्या दहा वाकडी! रोजच्या पातेल्याला पोचे असतात, पाहुण्यांसाठी फडताळात ठेवलेला सेट मात्र गुळगुळीत, तसंच हे. जो शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतो, त्याचं जुनं वाकडं रूप लोकांच्या तोंडात टिकतं. जो कमी लागतो, त्याचं रूप विसरलं की लोक '-एड' लावून मोकळे होतात. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता. तो गेला आणि 'हेल्प्ड' आलं.

तेव्हा शंभराचा तक्ता घडी घालून ठेवा. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला विचारा, आज काय काय केलंस? वेंट, केम, सॉ, एट, गेव्ह, टुक, सेड एवढ्यात दुसरीतल्या मुलीचा अख्खा दिवस बसतो. ती 'गोएड' म्हणाली की तुम्ही सहज म्हणा, 'ओ, यू वेंट टू आजीज हाउस?' बस्स. आणि 'रीड' आलं की तेवढं सांगा, की लिहायचं तेच, पण काल वाचलं असेल तर म्हणायचं 'रेड'.

पाठांतराचा माझा अनुभव सांगते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि रूपं पाढ्यांच्या चालीवर म्हणायची. गो-वेंट-गॉन, कम-केम-कम. मला अडीचशे पाठ होती. पुढे नोकरीच्या मुलाखतीला गेले तर समोरच्या गृहस्थांनी अगदी प्रेमानं विचारलं, 'हाउ डिड यू कम?' मी घाबरून म्हटलं, 'कम, केम, कम.' एसटीनं आले होते, ते काही सांगता आलं नाही.

प्रश्न : मी मूळची सांगलीची. आठ महिने झाले, मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला आहे. डोळे तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खालची ओळ वाचायला सांगितली. मी म्हटलं, 'आय ॲम नॉट लुकिंग.' त्या म्हणाल्या, 'प्लीज लुक.' मी परत तेच. असं तीनदा झालं. शेवटी नातीनं मध्ये पडून सोडवलं. ती घरातही हसते. 'ओपन द लाइट' म्हटलं की हसते, 'क्लोज द फॅन' म्हटलं की हसते. माझं काय चुकतं?
— एक आजी

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं असणार, या बाई रुसल्यात. तुम्ही त्यांना सांगत होता, 'मी बघणार नाही जा.'

गंमत अशी, की हा फरक आपल्या मराठीत इंग्रजीइतकाच चोख आहे. आपण फक्त तो घेऊन जायला विसरतो. पाहणे आणि दिसणे. पाहणं आपल्या मर्जीवर, दिसणं डोळ्याच्या मर्जीवर. 'मी पाहिलं, पण दिसलं नाही' असं आपण म्हणतोच ना? पाहणे म्हणजे 'लुक', दिसणे म्हणजे 'सी'. कानाचंही तेच, ऐकणे म्हणजे 'लिसन', ऐकू येणे म्हणजे 'हिअर'. पुढच्या वेळी म्हणा, 'आय कान्ट सी.' फोनवर आवाज आला नाही तर 'आय कान्ट हिअर यू.' या दोघींना शेपटीला '-इंग' लावू नका.

आणि तिसरी आहे 'वॉच'. हलत्या गोष्टीकडे लक्ष ठेवून बघत राहणं. टीव्ही, क्रिकेटची मॅच. गॅसवर दूध ठेवून तुम्ही नातीला सांगता ना, 'जरा दुधाकडे बघ गं', तेव्हा 'लुक' म्हणालात तर ती एकदा बघेल आणि निघून जाईल. 'वॉच द मिल्क' म्हणा.

आता लाइट. दोष तुमचा नाही, 'बंद करणे'चा आहे. दारही बंद करतो, पंखाही बंद करतो. बंद म्हणजे 'क्लोज' हे एकदा डोक्यात बसलं, की त्याच्या उलट 'ओपन' आपोआप येतं. इंग्रजीत 'ओपन' फक्त त्यालाच, ज्याला झाकण, पान, फट किंवा तोंड आहे. दार, डबा, पुस्तक, छत्री, डोळे. विजेवर चालणाऱ्या वस्तूला 'टर्न ऑन', 'टर्न ऑफ'. नळालाही तेच, कारण तो खरोखर पिळावा लागतो. लाइट उघडता येत नाही. अर्थात चिनी माणूस दिवा उघडतोच, कारण त्यांच्याकडे दार उघडायला आणि दिवा लावायला एकच क्रियापद आहे. म्हणजे या चुकीत तुम्हाला सोबत भरपूर.

नात फारच हसायला लागली तर तिला 'लावणे'चं इंग्रजी विचारा. सकाळी उठून तुम्ही गॅस लावला, कुकर लावला, देवापुढे उदबत्ती लावली, कपाळाला कुंकू लावलं, रेडिओ लावला, सांगलीला बहिणीला फोन लावला, मग बाहेर पडताना दार लावलं आणि कुलूप लावलं. 'लाइट लाव' म्हणजे सुरू कर आणि 'दार लाव' म्हणजे बंद कर! एकच शब्द, आणि अर्थ बरोब्बर उलटे. एका 'लावणे'साठी तिला लाइट, पुट ऑन, टर्न ऑन, कॉल, शट, लॉक एवढी फौज उभी करावी लागेल. मग बघू कोण हसतं ते.

म्हणूनच मी वर्गात क्रियापद एकटं कधी फळ्यावर लिहू दिलं नाही. 'शट : लावणे' असं लिहिलं की मूल 'शट द रेडिओ' म्हणणारच. 'शट द डोअर' असं जोडीनंच लिहायचं.

प्रश्न : दापोलीजवळ माझ्या चार खोल्या आहेत, जेवण घरचं. बेंगळुरू, हैदराबादची मंडळी येतात, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं. 'डिड यू स्लेप्ट वेल?', 'डिड यू एट फिश?' असं मी विचारतो. त्यांना कळतं, पण मुलगा म्हणतो, चूक आहे. हा 'डू' मुळात हवाच कशाला? मराठीत नाही त्यावाचून काही अडत. अजून एक. रात्री निरोप घेताना मी 'ओके, आय ॲम कमिंग' म्हणतो, तर ते जागे राहून माझी वाट बघतात.
— एक खोलीवाले, दापोली तालुका

उत्तर : भाऊ, शेवटचं आधी घेते, कारण तिथे पाहुण्यांची झोप मोडतेय. 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याला आयांनी शिकवलं. इंग्रजीत 'गो' म्हटल्यानं काही अशुभ होत नाही. 'गुड नाइट, सी यू इन द मॉर्निंग' म्हणा आणि खुशाल जा. 'कमिंग!' ठेवा उलट वेळेसाठी. पाहुण्यानं हाक मारली, तुम्ही माजघरातून 'आलो, आलो!' ओरडता ना, ते 'कमिंग'. आपण आलेलो नसतो तरी 'आलो' म्हणतो, म्हणून तिथे 'आय केम' म्हणू नका.

आता 'डू'. तुम्ही चारशे-पाचशे वर्षं उशिरा जन्मलात. तेव्हाचे इंग्रजसुद्धा 'आय नो नॉट' म्हणायचे, 'वॉट से यू?' विचारायचे. पुढे हळूहळू प्रश्नात आणि नकारात 'डू' येऊन बसला तो बसलाच. आपण वाक्याच्या टोकाला 'का' लावतो, 'मासे खाल्ले का?' त्यांनी खुंटी पुढे ठोकली, एवढंच.

आणि 'स्लेप्ट'चं म्हणाल, तर जुन्या एसटीतले कंडक्टर आठवा. हातातला चिमटा वाजवत यायचे आणि तिकिटाला भोक पाडायचे. एकदा पंच झालं की तेच तिकीट परत कोणी पंच करायचं नाही. 'डिड' म्हणजे तो पंच. भूतकाळाचं भोक तिथेच पडलं. पुढचं क्रियापद कोरं ठेवा. 'डिड यू स्लीप वेल?' 'डिड यू ईट फिश?' नकारातही तेच, 'ही डिडन्ट कम.' आणि 'डझ' आला की तिसऱ्या माणसाचा 'एस' त्यानंच उचलला, म्हणून 'डझ शी ईट फिश?', 'ईट्स' नाही. हे आपल्याला परकं नाही. 'मी जात नव्हतो' म्हणताना भूतकाळ 'नव्हतो'मध्ये आहे, 'जात' बिचारा कोराच.

तुमच्या धंद्याला एक सोपी युक्ती सांगते. ईट आणि ड्रिंकच्या भानगडीत पडूच नका, 'हॅव' धरा. 'विल यू हॅव सोलकढी?' 'व्हेन विल यू हॅव लंच?' सोलकढी प्यायची का भातावर घ्यायची, हा वाद पाहुण्यांवर सोडा.

प्रश्न : मी आठवीत आहे. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या वाक्यावर बाईंनी लाल रेघ मारली. का ते सांगितलं नाही.
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : '-इंग' चालू असलेल्या आणि थांबवता येणाऱ्या कामाला. 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर, कारण जेवण अर्ध्या तासात संपेल. भाऊ संपत नाहीत. 'आय हॅव टू ब्रदर्स.' मराठीत आपण 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे सायकल आहे', 'मला ताप आहे' असं वेगवेगळं म्हणतो, इंग्रजीला तिन्हीकडे 'हॅव' पुरतो. 'आय ॲम नोइंग' वरही रेघ येईल, ते 'माहीत आहे'मधल्या 'आहे'मुळे होतं.

प्रश्न : 'से' आणि 'टेल' यात माझा कायम घोळ होतो. 'ही सेड मी' का चालत नाही?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : म्हणणे म्हणजे 'से', सांगणे म्हणजे 'टेल', बोलणे म्हणजे 'स्पीक' किंवा 'टॉक'. 'त्यानं मला सांगितलं', म्हणून 'ही टोल्ड मी'. तुमच्याकडे मुंबईच्या बाजूला सर्रास 'मी त्याला बोललो की उद्या ये' म्हणतात, तिथेच तिन्ही क्रियापदांची खिचडी झाली. आधी मराठीत 'म्हणालो' आणि 'सांगितलं' वेगळं काढा.

'मेक' आणि 'डू'बद्दल सहा पत्रं आली आहेत, ती पुढच्या अंकात घेते. तोवर चहा 'मेक' करा आणि नंतरची भांडी 'डू' करा.