पिट की लिफ्ट? आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: वय 58. दोन महिन्यांपूर्वी एसटीच्या आगारातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. फंड, ग्रॅच्युइटी मिळून 28 लाख आले. पेन्शन साडेतीन हजार, घरखर्च 25 हजार. सांगलीत नदीपासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे, शेजारी साडेनऊ फुटी पत्र्याची शेड. तिथे ओळखीच्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा विचार आहे. पिट, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, खणला तर 80-90 हजार, दोन खांबांची लिफ्ट घेतली तर 1 लाख 85 हजार. रोज चार गाड्या, गाडीमागे 500 धरले तर लिफ्ट वर्षात फिटते. काय करू? 5 लाख बँकेतल्या योजनेत टाकलेत, कागद पंधरवड्यापूर्वी आले. बाकीचे साठी झाली की पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकीन. कोटेशनचा फोटो जोडला आहे.

उत्तर: फोटो काढताना तुम्ही कोटेशन एका निळ्या फाइलवर ठेवलं होतं. कोटेशनच्या कडेबाहेर फाइलमधल्या कागदाच्या दोन ओळी दिसतात. फोटो मोठा करून वाचल्या: ‘हप्ता : वार्षिक 5,00,000. हप्ता भरण्याचा कालावधी : 10 वर्षे.’

ही एफडी नाही आणि एकदाच पैसे भरायची योजनाही नाही. ही विमा पॉलिसी आहे, आणि तुम्ही दरवर्षी 5 लाख, असे एकूण 50 लाख भरायचं कबूल करून आला आहात. हातात आले होते 28. बँकेतल्या मुलाने ‘एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट’ असं सांगितलं असणार. पडताळणीचा फोन आला की सगळ्याला हो म्हणा, हेही. निवृत्तीचा पैसा खात्यात जमा झाला की ही मंडळी चहा घेऊन हजर असतात.

आता हिशेब. घरखर्चातून पेन्शन वजा केली तर महिन्याला साडेएकवीस हजारांची तूट, म्हणजे वर्षाला 2.6 लाख. त्यात हप्त्याचे 5 मिळवा. वर्षाला 7.6 लाख. उरलेले 23 लाख तीन वर्षांत साफ. हप्ता मध्येच थांबवला तर भरलेल्यातला मोठा भाग बुडाला समजा. आणि अगदी सगळे हप्ते भरलेच, तरी अशा पॉलिसीतून पाच-साडेपाच टक्क्यांच्या वर काही सुटत नाही. मेकॅनिक माणसाला मी विचारतो, एवढ्या किमतीत इतकं कमी मायलेज देणारी गाडी तुम्ही घ्याल का?

नशीब एवढंच की कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते. किरकोळ कपात होते, बाकी रक्कम परत येते. पंधरवडा गेलाय, पंधरवडा उरलाय. म्हणून हे उत्तर छापून यायची वाट न बघता तुम्हाला मेलवर आधीच पाठवलं आहे. अर्ज लेखी करा आणि तो विमा कंपनीच्या शाखेत द्या. बँकेच्या काउंटरवर सोडून येऊ नका, तिथे तो नेमका तिसाव्या दिवसापर्यंत ‘साहेबांच्या टेबलावर’ असतो. सोबत रद्द केलेला चेक जोडा, प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, आणि तोच अर्ज कंपनीला मेलही करा. ‘पाचच वर्षं भरा, मग थांबवा’ असं कुणी समजवायला आलं तर ऐकून घेऊ नका. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार कक्षाकडे लिहा, नाही जमलं तर पुण्याला विमा लोकपाल आहेत.

दुसरी चूक त्यामानाने छोटी, पण तिलाही तारीख आहे. ज्येष्ठ नागरिक योजनेसाठी तुम्हाला साठीची वाट बघायची गरज नाही. 55 ते 60 मधल्या निवृत्तांना खातं उघडता येतं, फक्त निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचे दोन गेले. आगाराकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घ्या आणि 20 लाख तिथे टाका. सध्या 8.2 टक्के व्याज आहे, म्हणजे दर तिमाहीला 41 हजार, महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर. पॉलिसीचे 5 लाख परत आले की ते एफडीत अडीअडचणीसाठी. मेडिक्लेमचा पत्रात शब्द नाही. नसेल तर उरलेल्या 3 लाखांवर पहिला हक्क त्याचा.

महिन्याची तूट आता आठ हजारांवर आली. शेडने तेवढे कमावले तरी पुष्कळ झालं.

रोज चार गाड्या कुठून येणार? तुमचे ओळखीचे लोक वर्षातून दोनदा गाडी दाखवतील. महिन्याला 20 गाड्या धरा, तेच खूप. 500 प्रमाणे 10 हजार. एवढ्यासाठी लिफ्ट? कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात ‘जीएसटी 18 टक्के वेगळा’ आहे, म्हणजे लिफ्टच 2 लाख 18 हजारांना पडली. तिला थ्री-फेज वीजजोडणी लागेल, खांबांखाली सहा-आठ इंच भरीव काँक्रीट लागेल, आणि साडेनऊ फुटांच्या शेडमध्ये गाडी वर घेतली की टप पत्र्याला लागेल. शेड उचलायचा खर्च धरला तर 4 लाखांच्या आत काही निभत नाही.

पिटाचं तर नावच नको. आगाराच्या पिटात आयुष्य गेलं म्हणून तो जवळचा वाटतो, हे समजतं. पण तिथे निचऱ्याची सोय होती. तुमच्याकडे काळी माती, आणि नदी अर्ध्या किलोमीटरवर. 2019 आणि 2021 चा पूर तुम्ही पाहिलाय. पाच फूट खणलेल्या खड्ड्यात पावसाळाभर पंप लावून बसाल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. बसच्या डिझेलखाली ती भीती तुम्हाला कधी जाणवली नसेल. शिवाय पिटात चाकं जमिनीवरच राहतात. ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कामाला जॅक लावावाच लागतो.

मग जॅकच घ्या. चांगला ट्रॉली जॅक आणि चार भक्कम स्टँड, 15-20 हजारांत काम होतं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. घरगुती मीटरवर धंदा चालेल की वेगळा अर्ज लागेल, हे महावितरणकडे आधी विचारून घ्या. वर्षभर वहीत रोजच्या गाड्या लिहा. महिन्याला 40 च्या वर जायला लागल्या तर लिफ्टचं पुन्हा विचारा, आणि तेव्हा कोटेशनबरोबर ती वहीही पाठवा.