एडिटिंगचा पीसी घेताय? आधी कॅमेरा काय रेकॉर्ड करतो ते सांगा

लग्नसराई जवळ आली की या सदराला एकाच जातीची पत्रं येतात, 'एडिटिंगसाठी पीसी असेंबल करायचाय, काय टाकू?' बहुतेक पत्रांत बजेट असतं, प्रोसेसरचं नाव असतं, फक्त फुटेज कसलं आहे तेच नसतं. यावेळी ज्यांनी ते लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतली.

प्रश्न : सर नमस्कार, मी मिरजेत लग्नाचं शूटिंग करतो. सोनी ए७ फोर आहे, सोबतच्या मित्राकडेही तोच. फोर के, २५ फ्रेम, टेन बिट ४:२:२ वर शूट करतो. एडिटिंग प्रीमिअरवर, कधीकधी कलर रिझॉल्व्हमध्ये. जुना पीसी दोन क्लिप एकावर एक ठेवल्या की मान टाकतो. दुकानदाराने कोटेशन दिलंय : आय७-१४७००एफ, १६ जीबी रॅमची एक स्टिक, आरटीएक्स ४०६०, ५१२ जीबी एसएसडी, २ टीबी हार्ड डिस्क, आरजीबी कॅबिनेट. मॉनिटर आहे. दीड लाखात बसतंय, घेऊ का?

उत्तर : ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. गेमिंगसाठी हे कोटेशन ठीकठाक आहे, तुमच्या कामाला मात्र नेमकं उलटं पडतं आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण निम्म्या पत्रांचं उत्तर यातच आहे.

तुमचा कॅमेरा २५ फ्रेमला जी फाइल बनवतो ती एच.२६४ नावाच्या पद्धतीने दाबलेली असते, आणि टेन बिट ४:२:२ म्हणजे तिच्यात रंगांची माहिती नेहमीपेक्षा जास्त असते. दाबलेली म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवलेली नसते, एक पूर्ण फ्रेम आणि मग पुढच्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच. त्यामुळे टाइमलाइनवर मध्येच कुठे क्लिक केलंत की कॉम्प्युटरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं जुळवत यावं लागतं. हे काम चिपमध्येच बसवलेला डिकोडर, म्हणजे फाइल उलगडणारा भाग, करतो तेव्हा काही जाणवत नाही, पण डिकोडरला तो प्रकार कळतच नसेल तर सगळा बोजा प्रोसेसरच्या कोअरवर येतो आणि मग तुमचा पीसी करतो तसं होतं.

आता गंमत बघा. आरटीएक्स ४०६० या ग्राफिक कार्डला ४:२:२ चा डिकोडरच नाही, ना एच.२६४ चा ना त्यानंतर आलेल्या एच.२६५ चा. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला, ज्याला क्विक सिंक म्हणतात, अकराव्या जनरेशनपासून डेस्कटॉपवर एच.२६५ चं टेन बिट ४:२:२ कळतं. पण नावापुढे 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच बंद असतं, म्हणून तर तो थोडा स्वस्त मिळतो. म्हणजे दुकानदाराने जोडी अशी जुळवलीय की तुमचं फुटेज कार्डलाही कळत नाही आणि प्रोसेसरलाही. दीड लाख घालून परत प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवत बसायचं असेल तर गोष्ट वेगळी!

बरं, नुसतं एफ काढून टाकलं तरी निम्मंच काम होतं, कारण क्विक सिंकला एच.२६४ चं ४:२:२ कळत नाही आणि तुम्ही शूट करता ते नेमकं तेच. त्यामुळे कार्ड आरटीएक्स ५०६० घ्या. ५० सिरीजमध्ये एनव्हिडियाने पहिल्यांदा ४:२:२ चा डिकोडर दिला, दोन्ही फॉरमॅटसाठी. प्रीमिअरमध्ये आणि रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये ही सोय २०२५ मध्ये आली, तेव्हा सॉफ्टवेअर जुनं ठेवून 'कार्ड चालत नाही' असं लिहू नका. रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन (अंधारातले दाणे घालवणं) बरंच वापरत असाल तर ८ जीबीचं कार्ड फोर केला मेमरी संपल्याचा एरर देतं, मग ५०६० टीआयचं १६ जीबीवालं बघा. आणि हो, रिझॉल्व्हचं ते नॉइज रिडक्शन फुकटवाल्या व्हर्जनमध्ये नाहीच, स्टुडिओ घ्यावं लागतं.

प्रोसेसर आय५-१४५०० सुद्धा तुम्हाला पुरतो. १४४०० आणि १४५०० मध्ये लोक फक्त कोअर मोजतात, पण १४५०० मध्ये यूएचडी ७७० ग्राफिक्स आहे आणि त्यात व्हिडिओची दोन इंजिनं आहेत, १४४०० च्या ७३० मध्ये एकच. बजेट ताणत असेल तर आय७-१४७००, एफ नसलेला. तेरावी-चौदावी जनरेशन घेताना मदरबोर्डचं बायोस (त्याचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) लेटेस्ट करून द्यायला सांगा, यातल्या काही चिपमध्ये व्होल्टेज जास्त जाऊन त्या खराब होत होत्या, २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून येणारी दुरुस्ती, काढला आणि वॉरंटीही वाढवली. बायोस उघडलंच आहे तर आतलं ग्राफिक्स चालू आहे का तेही बघून घ्या, बाहेरचं कार्ड लावलं की बरेच बोर्ड ते आपोआप बंद करतात आणि लोक वर्षभर क्विक सिंक बंद ठेवूनच वापरतात.

मदरबोर्ड बी७६०, झेडवाला नको, ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, ते करणार नाही ना तुम्ही. पण दोन तरी एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डवर बसवायची जागा) असलेला बघा, कारण आता स्टोरेजवर येतो. तुमचं फुटेज १४० एमबीपीएसचं (सेकंदाला १४० मेगाबिट), म्हणजे तासाला ६३ जीबी. दोन कॅमेरे, हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येकी चार तास धरले तरी एका लग्नाचे ५०० जीबी झाले. ५१२ च्या एसएसडीत विंडोज टाकल्यावर एक लग्नसुद्धा मावत नाही! मग फुटेज हार्ड डिस्कवर जाणार आणि दोन कॅमेऱ्यांच्या क्लिप, गाणं, कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल) असं सगळं एकदम मागितलं की तिचं हेड इकडून तिकडे उड्या मारत बसणार. म्हणून ५०० जीबीची एसएसडी विंडोज आणि कॅशला, २ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे एम.२ मध्ये बसणारी वेगवान एसएसडी, चालू कामाला, आणि हार्ड डिस्क फक्त झालेली कामं ठेवायला. क्लायंटला पेन ड्राइव्ह देईपर्यंत दुसऱ्या डिस्कवर कॉपी ठेवाच, लग्नाचा रीटेक नसतो.

रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन स्टिक. एकच स्टिक लावली की रॅमचा वेग निम्मा वापरला जातो. पुढे वाढवू म्हणून चार स्टिक लावायचा विचारही करू नका, आताच्या डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये चार लावल्या की स्पीड खाली येतो. सध्या रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरमुळे चढलेत, तुमच्या बजेटवर त्याचा ताण येईल, तर आरजीबी कॅबिनेट आणि लायटिंगचे पंखे काढून टाका. एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, मात्र काटकसर नको, कोटेशनमध्ये त्याचं नावच नाहीये हे लक्षात आलं का? ६५० वॉटचा, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग) असलेला, कंपनीचा, आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर गावातून घ्या, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर बिलावर असला की वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही.

प्रश्न : मी चिपळूणची. रेसिपीचे व्हिडिओ मोबाइलवर शूट करते, आठवड्याला एक. लॅपटॉपवर एडिट करताना आवाज आणि ओठ जुळत नाहीत, जसा व्हिडिओ पुढे जातो तसा फरक वाढतो. मुलगा म्हणतो ग्राफिक कार्डवाला पीसी घे. बजेट साठ हजार.

उत्तर : ताई, आवाज सरकतो त्यात बहुतेक कार्डाचा काही संबंध नाही. मोबाइल बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो, उजेड कमी झाला की फ्रेम कमी, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर धरून चालतं की सगळं एकसारखं आहे. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून फाइल बदलून घ्या आणि मग एडिट करा. आधी हे करून बघा, कदाचित साठ हजार वाचतील.

तरी घ्यायचंच असेल तर पीसीच्या सदरात हे लिहिणं विचित्र आहे, पण ॲपलचा एम४ चिपवाला मॅक मिनी बघा. २०२४ मध्ये तो ५९,९०० ला आला, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी स्टोरेज. मोबाइलचं फोर के आरामात ओढतो, आवाज करत नाही, वीज कमी खातो. मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि २५६ लगेच भरतं, त्यामुळे बाहेरची एसएसडी लागेल, शिवाय मॉनिटर-कीबोर्ड वेगळे. मुलाला गेम खेळायचेत का ते मात्र एकदा विचारून घ्या.

प्रश्न : माझा आय७-४७९० आहे, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. नुसतं नवीन कार्ड टाकलं तर फोर के चालेल का? (अहिल्यानगर)

उत्तर : नका टाकू. चौथ्या जनरेशनला एच.२६५ चा डिकोडर नाही, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कार्ड एकवेळ फाइल उघडेल, पण ८ जीबी रॅममध्ये बाकी सगळं गुदमरेल. फार तर साधी साटा एसएसडी टाका, ती पुढेही वापरता येईल, आणि प्रॉक्सी बनवून काम ढकला. कार्डाचे पैसे नव्या पीसीसाठी बाजूला ठेवा.

प्रश्न : नवीन पीसी आहे, आय७ आणि आरटीएक्स ४०७०. लाइट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस असूनही एक्स्पोर्ट चालू असताना धाडकन बंद होतो. आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएस खराब आहे का? (लातूर)

उत्तर : एसएमपीएसच्या आधी दुसऱ्या दोन गोष्टी तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, तुमचा पीसी एक्स्पोर्टला प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पळवतो तेव्हा मॉनिटरसकट त्याच्या वर जातो, मग यूपीएस हात वर करतो. १५०० व्हीए घ्या, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा, कारण आताच्या चांगल्या एसएमपीएसना बॅटरीवरची चौकोनी वेव्ह काही वेळा चालत नाही. तो पाच-दहा मिनिटांसाठीच असतो, लाइट गेली की प्रोजेक्ट सेव्ह करून बंद करायचं, एक्स्पोर्ट पूर्ण करायच्या नादाला लागायचं नाही.

मुंग्या मात्र अंगावर काढू नका. बहुतेक वेळा ते अर्थिंग नसल्याने होतं, एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. वायरमन बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या आणि तोपर्यंत तिथे पीसी चालू करू नका, थ्री पिनची अर्थिंगची जाड पिन तोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो आधी फेकून द्या.